गार्डमामांची आणेवारी

गार्डमामा जीपमध्ये कायम उलटे बसायचे. मागच्या फाळक्याजवळ, रस्त्याकडं तोंड करून. गाडी चालली पुढं आणि मामा बघतायत मागं. आमच्या पूर्णेच्या 'जंक्शन' या बेसबॉल टीमचे ते मॅनेजर. मॅनेजरनं ऐटीत ड्रायव्हरशेजारी बसावं की नाही? पण मामांनी छत्तीस वर्षं मालगाडीच्या शेवटच्या डब्यात काढलेली. पुढच्या सीटवर बसवलं की त्यांना मळमळायचं. "पुढं बघायला डायवर हाय," म्हणायचे, "मागं काय सुटलं ते कोन बघनार?"

आणि एकदा आमच्या हुशार पोरांनी नेमकं त्यांनाच मागं सोडलं. जालन्याकडं सामना होता. देवगाव फाट्यावर चहाला थांबलो. चहा झाला, पोरं जीपमध्ये कोंबली, जीप निघाली. कोण राहिलं, कोण नाही हे बघणारा माणूस एकच, आणि तो हॉटेलच्या मागं तोंड धुवायला गेलेला. तास-दीड तास कुणाला पत्ता नाही! मी स्वतः जीपमध्ये होते, मलाही नाही, हे कबूल करते. सामना सुरू झाला, आमची पहिली पाळी संपली, तेव्हा मामा एसटीतून उतरून मैदानात आले. चिडले नाहीत, ओरडले नाहीत. खिशातून वही काढली आणि उभ्याउभ्या लिहिलं, "गाडी गार्डविना सुटली. चौकशी व्हावी." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "शैले, स्कोर काय झाला?"

मी शैला. शाळेत गणित शिकवते, मामांच्या शेजारी राहते. माझा आवाज चढा आहे आणि मला राग पटकन येतो असं वर्गातली पोरं म्हणतात. त्यांना काय कळतंय! मामांची लेक नंदा माझी पहिलीपासूनची मैत्रीण, त्यामुळं मला त्या घरात लेकीचाच मान. बेसबॉल मला काडीचा आवडत नव्हता. पण मामा एक दिवस दारात येऊन म्हणाले, "स्कोर लिहायला हिसाबवाली पायजे, माय." मामांना नाही म्हणणं मला जमलं नाही. ते कुणालाच जमत नसे.

त्यांच्या अंगावर हे बेसबॉल कसं आलं तीही एक तऱ्हा. एका शाळेतल्या क्रीडाशिक्षकांची बदली झाली. जाताना त्यांनी बॅटी, हातमोजे आणि चेंडूंचं एक पोतं मामांच्या ओसरीत ठेवलं. "दोन दिवस राहू द्या," म्हणाले, ते गेले ते गेलेच. पोत्यात नियमांचं एक पुस्तक होतं. मामांना नियमांचं पुस्तक म्हणजे दुसऱ्याला बासुंदी. तीन दिवसांत वाचून काढलं, चौथ्या दिवशी पोरं गोळा केली. पुढं आसपासच्या चार जिल्ह्यांची मिळून एक लीग निघाली, खेळाडूंना मानधन आणि जाण्यायेण्याचं भाडं देणारी, तेव्हा मामांनी टीम घातली आणि 'प्रोफेशनल' हा शब्द दिवसातून वीस वेळा उच्चारायला लागले. त्यातच रेल्वेनं गार्डच्या हुद्द्याचं नाव बदलून ट्रेन मॅनेजर केलं. मामा तर आधीच रिटायर झालेले. त्यांचा असा संताप झाला! "छत्तीस वर्सं गार्ड गार्ड म्हनून घेतलं, आन् मी घरी बसल्यावर मॅनेजर करायलेत!" दुसऱ्या दिवशी त्यांनी पत्र्याची पाटी रंगवून आणली आणि दारावर ठोकली. 'हणमंतराव, टीम मॅनेजर.' पाटीवर रेल्वेचं इंजिन काढलेलं होतं.

हा खेळ गावाला समजावून सांगायची त्यांची रीत मी शिकवायच्या कामात उचलली आहे, एवढी ती साफ होती. पारावर बसलेल्या म्हाताऱ्यांना ते काठीनं मातीत चौकोन काढून दाखवायचे. "ही लूप लाईन समजा. निघायचं पूर्णेहून. चेंडू मारला की गाडी सुटली. पयलं टेशन, दुसरं टेशन, तिसरं टेशन, आन् परत पूर्णेला मुक्काम. पोचला की एक रन. वाटंत टेशनाच्या भाईर गाठून कुनी चेंडू लावला, की गाडी रद्द." झालं! म्हातारे माना डोलवायचे. एकानं विचारलं, "मग ह्यात रिझर्वेशन लागतं का?" मामा गंभीरपणे म्हणाले, "न्हाई. जनरल हाय."

त्यांची वही म्हणजे एक प्रकरण होतं. गार्डला प्रत्येक स्टेशनची वेळ, उशीर आणि उशिराचं कारण लिहावं लागतं. ती सवय हाडात मुरलेली. 'सामना सुरू ४.१०. दहा मिनिटं लेट. कारण: अंपायरची चप्पल तुटली.' 'तिसरी पाळी सहा मिनिटं लेट. कारण: म्हैस.' म्हैस हे कारण वारंवार असायचं, कारण आमचं मैदान म्हणजे रेल्वे लाईनच्या पलीकडची मोकळी जागा, आणि गावची सगळी जनावरं तिथूनच नदीवर जाणार. लीगवाल्यांनी तक्रार केली, तेव्हा मामांनी आमच्या मैदानासाठी एक खास नियमच लिहून मंजूर करून घेतला. 'जनावरं ही मैदानाचाच भाग समजावीत. चेंडू जनावरांत गेला तरी खेळ चालू राहील.' या नियमाचं पुढं काय झालं ते येईलच.

पण मामांचा खरा थाट बघायचा तर पाडव्याला. सकाळी गुढी उभारून, कडुलिंब-गूळ खाऊन झाला, की गावात जोशीबुवा पंचांग वाचतात: या साली राजा कोण, मंत्री कोण, पाऊस किती, पीक किती. ते संपलं की लोक उठून थेट मामांच्या ओट्यावर. कारण तिथं टीमचं वर्षफळ वाचलं जायचं. मामा पांढरा शर्ट घालून, चष्मा नाकावर आणून, वही उघडायचे आणि अगदी जोशीबुवांच्या चालीत म्हणायचे, "या साली टीमचा राजा पिचर, मंत्री कॅचर…" शेवटी यायची आणेवारी. पिकाची काढतात तशी टीमची. आणि ती दर साली ठरलेली. "आनेवारी, सोळा आने!" मामा वही मिटायचे, टाळ्या पडायच्या, पेढे वाटले जायचे. पहिल्या साली सोळा आणे सांगितले, टीम पाचवी आली. दुसऱ्या साली सोळा आणे, सहावी आली. तिसऱ्या साली सोळा आणे सांगितले आणि आठ संघांत आठवी आली. मी चिडून म्हटलं, "मामा, आणेवारी खरी सांगावी, तुम्ही आपलं मनात येईल ते सांगता." मामा म्हणाले, "खरी सांगायला जोशीबुवा हाय की. आमी चांगली सांगतो."

गेल्या पाडव्याला मात्र रंग वेगळा होता. तोवर टीमची पार वाताहत झालेली. मामांनी चष्मा पुसला आणि वाचायला लागले.

"टीमचा राजा: न्हाई. पोलीस भरतीत गेला. मंत्री: त्याच्याच मागं गेला. सेनापती: लग्न करून सासऱ्याच्या दुकानात बसला. मेघांचा स्वामी: बबन. गरजतो लय, बरसत न्हाई." लोक हसले, बबनही हसला. "मागली गाडी मोडीत निघाली. डबा-डबा जोडून नवी लावायलोय. दहा सामने हायत." मामांनी वहीतून मान वर केली. "आनेवारी: एक सामना जिंकू. एकच. कोंचा ते इचारू नगा."

टाळ्या पडल्या नाहीत, आणि माझ्या हातातला पेढ्यांचा पुडा मी उघडलाच नाही. सोळा आणे कुठं आणि एक सामना कुठं! पण मला आतली गोष्ट ठाऊक होती. त्याच आठवड्यात नंदाचा पुण्याहून फोन आलेला. "शैले, आता बास झालं. बाबा तिथं एकटे. उन्हातान्हात पोरांमागं पळतात, परवा चक्कर आली ते मला सांगितलंसुद्धा नाही. मी त्यांना स्पष्ट सांगितलंय. या वर्षी एक, फक्त एक सामना जिंकून दाखवा, मी आयुष्यात पुन्हा पुण्याला या म्हणणार नाही. नाही जिंकला, तर घर बंद करून कायमचं माझ्याकडं यायचं. त्यांनी शब्द दिलाय." शिवाय लीगचाही नियम होता, की ज्या टीमला वर्षात एकही सामना जिंकता येणार नाही, ती बाहेर. म्हणजे तो एक सामना गेला, की टीम गेली आणि मामाही गेले.

नंदाच्या बोलण्यात जरा धार होती, आणि का नसावी? शाळेच्या बक्षीस समारंभाला ती फाटकाशी उभी राहायची, मी तिच्याबरोबर उभी असायची, आणि मामांची मालगाडी कुठल्या तरी आडस्टेशनला अडकलेली असायची. तिच्या लग्नाच्या दिवशीसुद्धा मामा अक्षता पडून गेल्यावर पोचले, गार्डच्या कपड्यातच, हातात झेंड्यांची गुंडाळी. पुण्यात तिनं घर घेतलं त्याला अकरा वर्षं झाली. मामा एकदाही गेले नव्हते. "फुडल्या महिन्यात जातो," हे मी एवढ्या वेळा ऐकलंय की आता सांगायची सोय नाही.

तर नवी गाडी जोडायची होती, आणि तिला इंजिनच नव्हतं. चेंडू फेकणारा पिचर कुणी नाही. एक दिवस मामा मैदानावर बसले होते आणि पलीकडून एक मेंढरांचा कळप चालला होता. एक मेंढरू कळप सोडून कुणाच्या तरी भुईमुगात शिरायला निघालं. राखणाऱ्या गड्यानं बसल्या जागेवरून खडा मारला. खडा मेंढराला लागला नाही, त्याच्या नाकाच्या बरोबर वीतभर पुढं पडला आणि मेंढरू माघारी वळलं. मामा उठून उभे राहिले. पुढं दुसरं मेंढरू, परत खडा, परत वीतभर पुढं. मामा चपला तिथंच टाकून पळत सुटले. तो सोपान, वीस-एकवीस वर्षांचा, लिंबाजी मेंढपाळाचा एकुलता एक.

लिंबाजी म्हणजे लाल फेट्याचा, उंच, कमी बोलणारा माणूस. मामा त्याच्याकडं पोराला मागायला गेले, तेव्हा मीही गेले होते. लिंबाजीनं सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "चेंडू फेकून काय व्हतं?"

"प्रोफेशनल व्हतं," मामा म्हणाले.

"मेंढरं कोन वळवील मग?"

"सकाळी मेंढरं, दुपारी चेंडू. मी लिहून देतो."

लिंबाजीनं फेटा काढून पुन्हा बांधला. "न्हेवा," म्हणाला शेवटी. "पर मी काय बगाया येनार न्हाई. मला टाइम न्हाई." सोपानचं तोंड एवढंसं झालं, ते मी बघितलं. मामांनीही बघितलं, कारण मागं काय सुटलंय हे बघायचीच त्यांना सवय.

सोपान आला खरा, पण आठ दिवस त्याचा प्रत्येक चेंडू बॅटवाल्याच्या पोटापुढं वीतभर! बॅटवाले घाबरून माघारी वळायचे. "आरं, ती मानसं हायत, त्यानला कळपात न्यायचं न्हाई," मामा कपाळाला हात लावून ओरडायचे. मी हसून हसून तीनदा चुकीचा स्कोअर लिहिला.

मामांची शिकवायची रीतही रेल्वेचीच. तिसऱ्या स्टेशनजवळ ते झेंड्या घेऊन उभे राहायचे, उजव्या हातात हिरवी, डाव्या हातात लाल. पळणाऱ्यानं तोंडाकडं बघायचं नाही, आरडाओरडा ऐकायचा नाही, फक्त रंग बघायचा. हिरवा दिसला, पळ. लाल दिसला, जागच्या जागी थांब. "लाल कुनी बी दाखवू द्या," रोज संध्याकाळी ते पोरांना ओळीत उभं करून सांगायचे. "आमच्या रेल्वेत कायदा हाय. टेशनमास्तरनं दाखवला तरी गाडी थांबते आन् रस्त्यावरच्या मानसानं लाल फडकं हलवलं तरी थांबते. कामून दाखवला, ते मागून इचारायचं. आधी थांबायचं!" आणि पोरांनी एका सुरात म्हणायचं, "आधी थांबायचं!" सोपानचा आवाज सगळ्यात मोठा. आठ महिने हे चाललं. मी वैतागून एकदा म्हटलं, "मामा, पाढे इतके घोकून घेतले असते तर माझी पोरं बोर्डात आली असती."

दिवाळीनंतर सामने सुरू झाले. मी मनापासून सांगते, इतकं हरणं मी आयुष्यात बघितलं नाही. पहिला हरलो, दुसरा हरलो, तिसऱ्यात बबननं स्वतःच्याच खेळाडूच्या पाठीत चेंडू घातला. सहाव्याला आम्ही जिंकतच आलो होतो, तर अंधार पडला आणि चेंडू दिसेना, आणि जो दिसेना तोच त्यांनी मारला. दर सामन्यानंतर मामा वहीत लिहायचे, 'जंक्शन: लेट.' नुसतं लेट. हरलो असं त्यांनी एकदाही लिहिलं नाही. पोरं मात्र गंमतच होती. हरून येताना जीपमध्ये अशी गाणी म्हणायची की समोरच्या गाडीवाल्यांना वाटावं, यांनी कपच जिंकला. सोपानचे चेंडू आता वीतभर सरकून बरोबर जागेवर पडायला लागले होते. नऊ झाले, नऊही गेले. नंदाचा फोन आला. "शैले, त्यांच्या सामानाची काही बांधाबांध करायची असली तर मी येऊ का?" मी चिडून म्हटलं, "अजून एक बाकी आहे!" आणि फोन ठेवला आणि रडले.

दहावा सामना आमच्या मैदानावर, गंगाखेडच्या टीमशी. गंगाखेडचे गडी म्हणजे उसावर पोसलेले, एकेकाचं मनगट माझ्या पोटरीएवढं. सगळी पूर्णा लोटली होती. हलगी आलेली, शाळेची पोरं आलेली, जोशीबुवा आले होते. आणि काय खेळली पोरं! सोपाननं त्या पैलवानांना असे चेंडू टाकले की ते बॅट फिरवून गोल गोल फिरायचे. शेवटच्या पाळीला स्कोअर आठ-आठ. मी तीनदा बेरीज केली, आठ-आठच. आमची बॅटिंग, आमचे दोघं बाद झालेले, तिसरा गेला की पाळी संपली. सोपान तिसऱ्या स्टेशनवर उभा, बॅटीवर बबन, गरजणारा आणि न बरसणारा. सोपान पूर्णेला पोचला, म्हणजे होमवर, की आम्ही जिंकलो.

बबन बरसला! देवाशप्पथ, असा आवाज आला की हलगी थांबली. चेंडू उंच गेला, लांब गेला आणि मैदानाच्या पार टोकाला खाली आला. आणि तेव्हा आमचं लक्ष गेलं, की त्या टोकाला मेंढरं आहेत. पन्नास-साठ मेंढरांचा कळप कधी येऊन चरायला लागला ते कुणी बघितलंच नव्हतं. चेंडू सरळ कळपात. गंगाखेडचा गडी मेंढरांत घुसला, तर कळपाची दोन कुत्री त्याच्यावर धावून आली. जनावरं मैदानाचाच भाग! खेळ चालू! बबन पहिल्या स्टेशनवर नाचायला लागला आणि सोपान तिसऱ्याहून सुटला.

आता फक्त पळत यायचं होतं. निम्मी वाट झाली. आणि सोपान थांबला. करकचून ब्रेक लावल्यासारखा, जागच्या जागी.

होमच्या मागं लिंबाजी उभा होता. येणार नाही म्हणाला होता, आला होता. कळप टोकाला सोडून, गर्दीतून वाट काढून पोराला बघायला आला होता, आणि पोरगं आपल्याकडं पळत येतंय बघून त्याला राहवलं नाही. रानात पोराला लांबून बोलवायचं झालं की लिंबाजी डोक्याचा फेटा काढून हलवायचा. तसाच त्यानं आता काढला आणि दोन्ही हातांनी हलवायला लागला, "ये माझ्या लेकरा, ये!" आणि तो फेटा होता लाल.

सगळं मैदान ओरडत होतं. "पळ, सोप्या! पळ!" मी तर खुर्चीवर उभी राहून किंचाळत होते. पण ओरडणं ऐकायचं नाही, फक्त रंग बघायचा. त्याच्या समोर लाल. लहानपणापासून त्या लालचा अर्थ ये, आणि आठ महिन्यांपासून लालचा अर्थ थांब. तो एक पाय पुढं टाकायचा आणि मागं घ्यायचा. तिकडं गंगाखेडचा गडी कुत्र्यांना चुकवत मेंढरांच्या पायांत चेंडू हुडकतोय. त्याचे सोबती इकडून ओरडतायत, "डाव्या बाजूला! डाव्या!"

तिसऱ्या स्टेशनवर मामा हिरवी झेंडी हलवत होते. पण मामा सोपानच्या पाठीमागं! मागं हिरवा आणि पुढं लाल असला, तर कायदा काय सांगतो? आधी थांबायचं. मामांना कळलं. त्यांच्या तोंडावरचा रंग उतरलेला मी बघितला. मग त्यांनी लाल झेंडी खाली टाकली, शिटी दातात धरली आणि पळायला लागले.

सदुसष्ट वर्षांचा माणूस. रेघेच्या बाहेरून, हिरवी झेंडी छातीशी धरून, शिटी आपोआप वाजतेय, चष्मा एका कानाला लटकलेला. सोपानच्या शेजारून ते पुढं गेले. आमचा गार्ड, कायम शेवटच्या डब्यातला, सगळ्यांच्या पुढं निघाला! ते होमच्या मागं लिंबाजीपाशी पोचले आणि दोन्ही हात जोडले.

"लिंबाजी, फेटा दे माझ्याजवळ. खाली न्हाई टाकत मी."

लिंबाजीला काही कळेना. पण हात जोडलेला माणूस बघून त्यानं फेटा मामांच्या हातात दिला. मामांनी तो शर्टाच्या आत कोंबला, पार दिसेनासा केला, आणि हिरवी झेंडी लिंबाजीच्या मुठीत दिली. "आता हलीव. आता बलव त्याला!"

लिंबाजीनं झेंडी हलवली. आणि सोपान सुटला! त्याच क्षणी त्या गड्याला चेंडू सापडला, त्यानं फेकला, माझ्या डोक्यावरून सूं करत गेला. कॅचरनं हात वर केला. पण सोपान त्याच्या आधी होम तुडवून थेट बापाच्या अंगावर जाऊन आदळला आणि दोघंही खाली पडले. अंपायरनं दोन्ही हात पसरले. सेफ.

त्यानंतर काय झालं ते मला नीट सांगता येणार नाही. हलगी वाजत होती, मेंढरं मैदानभर, कोण कुणाला उचलतंय कळत नव्हतं. गंगाखेडचे गडीसुद्धा हसत होते. बबन एका मेंढराला मिठी मारून बसला होता. मी नऊ-आठ असं लिहिलं आणि स्कोअरची वही छातीशी धरून मोठ्यानं रडले, आणि शाळेची पोरं माझ्याकडं बघत होती, बघू देत. मामा जमिनीवर बसले होते, धापा टाकत. पोटावरून लाल फेट्याचं एक टोक बाहेर आलेलं.

"शैले, बगितलंस का? जन्मात पयल्यांदा पयला पोचलो."

"मामा, तुमचा रन धरत नाहीत."

"नगा धरू. पोचलो का न्हाई?"

मग त्यांनी घड्याळ बघितलं आणि खिशातली आपली वही काढली. बसल्या जागीच लिहिलं. 'तिसरं टेशन ते पूर्णा, सोपान. दीड मिनिट लेट. कारण: बाप.'

संध्याकाळी नंदाला फोन मीच लावून दिला. पलीकडून तिचं हसणं मला ऐकू आलं. मग म्हणाली, "जिंकलात बाबा. ठरल्याप्रमाणं आता मी कधी या म्हणणार नाही." आणि तिनं फोन ठेवला. मामांनी फोन माझ्या हातात दिला. मी पेढे आणले होते, त्यांनी अर्धाच खाल्ला. दोन-तीन दिवस ते वहीची मागची पानं उलटत ओसरीत बसलेले दिसायचे. मला काळजी वाटायला लागली. टीम राहिली, मामा राहिले, आता तोंड पाडायला काय झालं?

चौथ्या दिवशी दारात आले. "पुन्याला जायलोय. पाडव्याच्या आधी माघारी येतो. रिटर्न काढलंय." त्यांनी तिकीट दाखवलं. "नंदीला सांगू नगंस. तिनं बलवलं न्हाई, मीच जायलोय."

सगळी टीम स्टेशनवर आली. सोपानबरोबर लिंबाजीही आला, लाल फेटा नीट बांधून. मामांचा डबा शेवटचा, तो त्यांनी मुद्दाम मागून घेतला होता. चढताना त्यांनी हिरवी झेंडी लिंबाजीला दिली. "तुज्याकडं ऱ्हाऊ दे. तुला जमतं." वही माझ्या हातात दिली. "पाडव्याची आनेवारी तू काडून ठेव, माय. सोळाच्या खाली जाऊ नगंस."

गाडी सुटली. मी वही उघडली. शेवटच्या पानावर आजची नोंद आधीच करून ठेवलेली होती. 'हणमंतराव, नंदाकडं रवाना. अकरा वर्षं लेट. कारण: बाप.'

मी मान वर केली तेव्हा शेवटचा डबा फलाटाच्या बाहेर पडत होता. मामा दारात दांडी धरून उभे, तोंड आमच्याकडं, मागं काय सुटलं ते बघत. लिंबाजी झेंडी हलवत होता. गाडी वळणाला गेली, डबा दिसेनासा झाला, तरी तो हलवतच होता.

"लिंबाजी, बास की आता," मी म्हटलं. "गेली गाडी."

"आपल्याला दिसंना झाली," लिंबाजी म्हणाला. "त्यानला दिसायलंय आजून."